शाळेच्या स्मरणिकेत इतिहास काय लिहावा? साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलबद्दलही विचारायचं आहे

सीनाकाठ:

नमस्कार मंडळी.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. यंदा शाळेचं अमृतमहोत्सवी वर्ष आहे. स्मरणिका निघणार आहे आणि 'शाळेचा इतिहास' हा लेख माझ्या वाट्याला आला आहे. आतापर्यंत जमा झालेलं साहित्य असं: आजवरच्या मुख्याध्यापकांची यादी, त्यांचे फोटो, दहावीचे निकाल, देणगीदारांची नावं, इमारतीच्या कोनशिलेचा फोटो. हे छापायचं आहेच, त्यांचा मान आहे. पण सगळं वाचून झाल्यावर शाळा काही डोळ्यांपुढे उभी राहत नाही.

परंपरा विचाराल तर आमच्याकडे घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे, तो वाजवायचा मान आठवड्याला एका वर्गाकडे असतो. परिपाठात रोज एक मुलगा किंवा मुलगी गावातल्या एखाद्या माणसाची माहिती सांगते, हे आमच्या आधीच्या एका बाईंनी सुरू केलं आणि अजून चालू आहे. निरोप समारंभाला दहावीचा वर्ग शाळेला काहीतरी देऊन जातो. भिंतीवरची निम्मी घड्याळं आणि सगळे माठ तसे आलेले आहेत.

आता मूळ प्रश्न. ७ नोव्हेंबरला आम्ही विद्यार्थी दिवस करतो. मागच्या वेळी मी साताऱ्याच्या शाळेबद्दल सांगत होते, बाबासाहेबांनी तिथे प्रवेश घेतला तो हा दिवस वगैरे. तेव्हा सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, बाबासाहेब कुठल्या बाकावर बसायचे? तो बाक अजून आहे का?" मी त्याला सांगितलं की उद्या नीट सांगते, आणि सांगितलंही. पण तेव्हापासून वाटतंय की शाळेचा इतिहास लिहायचा तर अशाच प्रश्नापासून सुरू करायला हवा. इथे साताऱ्याचे कुणी आहेत का? किंवा शाळेचं जुनं दप्तर हाताळलेलं कुणी? त्या शाळेबद्दल खात्रीने काय सांगता येईल आणि आमच्या शाळेचा इतिहास शोधायचा तर कुठे बघू?

---

दप्तरखाना:

बाई, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न लाखमोलाचा आहे. मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात एका हायस्कूलमध्ये लिपिक होतो, सारी नोकरी जनरल रजिस्टर, दाखले आणि पगारबिलं यांत गेली. तेव्हा मला जे ठाऊक आहे ते रजिस्टरच्या बाजूने सांगतो.

आधी साताऱ्याचं. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकाला नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. इयत्ता इंग्रजी पहिली, म्हणजे आजच्या पाचवीसारखी. त्या काळी इंग्रजी पहिली ते सातवी असा हायस्कूलचा जिना होता आणि सातवीच्या टोकाला मॅट्रिक. नोंदीसमोर त्या पोराची सही आहे. जन्म १४ एप्रिल १८९१चा, म्हणजे सही करणारा साडेनऊ वर्षांचा. तेव्हा शाळेचं नाव सातारा गव्हर्न्मेंट हायस्कूल. शाळेने ते रजिस्टर आजवर सांभाळलं आहे. साताऱ्यातली मंडळी हा प्रवेश दिन आधीपासून पाळत होती, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढून सगळ्या शाळांत ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून ठरवला. पुतळा नाही, इमारत नाही, भाषण नाही, रजिस्टरातली एक ओळ आणि तिच्यामुळे महाराष्ट्रभर एक दिवस. लिपिक म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो. ती ओळ कुणीतरी नीट लिहिली, पुढच्याने जपली, त्याच्या पुढच्याने वाळवी लागू दिली नाही.

आता बाक. बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यात साताऱ्याच्या शाळेचं वर्णन आहे. वर्गात ते आपल्या नंबराप्रमाणे इतर मुलांत बसू शकत नव्हते. एका कोपऱ्यात, एकटे, तरटाच्या तुकड्यावर. ते तरट शाळेत ठेवायची सोय नव्हती, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. पाण्याचंही तसंच. बाकीची मुलं तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जायची. यांनी नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडायची तेव्हा प्यायचं. शिपाई जागेवर नसला की पाणी नाही. त्यांनी हे अगदी मोजक्या शब्दांत लिहिलं आहे, शिपाई नाही तर पाणी नाही.

तेव्हा त्या मुलाला सांगा, बाक नव्हता. तरट होतं, आणि ते त्याला स्वतःला काखेत मारून आणावं लागायचं. सहावीच्या मुलाला हे कळतं. दप्तर काय काय वाहायचं असतं हे त्याला रोज माहीत असतं.

दुसरी एक गोष्ट त्याच वर्षाची. शाळेत नाव घातलं नोव्हेंबर १९०० मध्ये, आणि पुढच्या उन्हाळ्यात, १९०१च्या सुट्टीत, हा मुलगा भाऊ आणि बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाला. वडील रामजी सुभेदार तिथे खजिनदार होते. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदायचं काम सुरू होत होतं. मुलांनी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, बूट असा थाट केला होता. रेल्वेने मसूरला उतरले. वडिलांना पत्र वेळेवर पोचलं नव्हतं, कुणी न्यायला आलं नाही. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि मागे सरला. बैलगाडीवाले भाडं दुप्पट मिळालं तरी गाडीत बसायला तयार नव्हते, शेवटी गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने चालत यायचं असं ठरलं. रात्रभर पाणी नाही. हे मी सांगतो कारण आपल्याकडे ७ नोव्हेंबरच्या भाषणात प्रवेश घेतला आणि पुढे कोलंबियाला गेले, इतकंच ऐकू येतं. मधली सुट्टी कुणी सांगत नाही. मसूर, खटाव हा मुलूख आमच्या तालुक्याला लागून आहे, ती उन्हाळ्याची वाट आणि ती तहान मला माहिती आहे.

आणखी एक, इतिहासाच्या शिक्षिका आहात म्हणून. सरकारी शाळेचं दार कायद्याने त्याच्या कितीतरी आधी उघडलं होतं. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. प्रकरण थेट लंडनपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये ठरलं की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत जातीवरून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही. म्हणजे १९०० साली साताऱ्यात रजिस्टरात नाव लागलं ते नियमाने. वर्गात कोपरा मिळाला तो रिवाजाने. कागदावरचा नियम आणि वर्गातला रिवाज यांत चार दशकांनंतरही एवढं अंतर होतं, हा त्या शाळेचा खरा इतिहास, आणि तो आपल्या सगळ्या जुन्या शाळांचा आहे.

आता तुमच्या शाळेकडे येतो. मुख्याध्यापकांची यादी बाजूला ठेवा आणि जनरल रजिस्टर क्रमांक १ काढा. त्यात रकाने असतात ते तुम्हाला माहीत आहेत: नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी-अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. बहुतेक लोक नाव आणि जन्मतारखेपाशी थांबतात कारण दाखल्याला तेवढंच लागतं. तुम्ही 'शाळा सोडण्याचं कारण' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. नुसता तोच.

आमच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये १९७२-७३ची पानं अशी आहेत की एकाखाली एक 'कामावर जातो', 'कामावर जातो', 'स्थलांतर', 'कामावर जातो'. दुष्काळी कामं, खडी फोडायची, तिथे सुकडी मिळायची. नववी-दहावीतली पोरं घमेली उचलायला गेली. आणि पुढच्या पानावर त्यांतलीच काही नावं पुन्हा, शेऱ्यात 'पुनःप्रवेश'. आमच्या त्या वेळच्या हेडमास्तरांनी गावोगाव सायकलवरून फिरून ती पोरं परत आणली होती, असं जुने शिक्षक सांगायचे. शाळेच्या दर्शनी भागातल्या फलकावर त्या हेडमास्तरांचं नाव आणि कार्यकाळ आहे, बस. सायकलीचं काही नाही. रजिस्टरमध्ये मात्र त्या 'पुनःप्रवेश'च्या नोंदी आहेत, हिरव्या शाईत, त्यांच्या हातच्या.

तसंच मुलींचं. कितवीपर्यंत मुली दिसतात आणि कुठल्या पानापासून पुढच्या इयत्तेत दिसू लागतात, ते बघा. आमच्याकडे एका वर्षी एकदम वाढल्या. मी शोधलं तर त्या वर्षी एसटीची मुक्कामी गाडी सुरू झाली होती. शाळेच्या इतिहासात एसटी यायला हवी की नको?

एक सांभाळा. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत जे रजिस्टरमध्ये नाही ते ठामपणे लिहू नका. बाबासाहेबांच्या आडनावाचंच घ्या. घराणं सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे गुरुजी होते, आपल्या डब्यातली भाजीभाकरी ते या मुलाला द्यायचे, ही आठवण बाबासाहेबांनी पुढे मोठेपणी कृतज्ञतेने सांगितलेली आहे. आडनाव त्यांनी दिलं असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पण रजिस्टरमध्ये फक्त 'आंबेडकर' आहे, ते का आणि कुणी, हे रजिस्टर सांगत नाही. तुम्ही स्मरणिकेत भाकरीचं जरूर लिहा. भाकरी पुरेशी मोठी गोष्ट आहे.

---

अजिंक्यताऱ्याखाली:

मी साताऱ्याची, राजवाड्याच्या मागच्या आळीत लहानाची मोठी झाले. दप्तरखाना काकांनी रजिस्टरचं सगळं सांगितलंच आहे, मी जागेचं सांगते.

बाबासाहेब शिकत होते तेव्हा ही शाळा जुन्या राजवाड्यात भरायची. समोर गांधी मैदान, संध्याकाळी तिथे आता खाऊच्या गाड्या लागतात, वर किल्ला. हा राजवाडा ज्यांचा, त्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला नेऊन ठेवलं. १८४७ मध्ये ते तिथेच गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला जाऊन किती वर्षं झगडले हे साताऱ्यात प्रत्येक पोराला माहीत असतं. १८४८ मध्ये संस्थान खालसा झालं. आणि १८५१ मध्ये इंग्रजी अमलात इथे हायस्कूल सुरू झालं. ज्या सरकारने राजाला हाकललं त्याच सरकारची शाळा पुढे राजाच्या वाड्यात भरली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये शाळेला प्रतापसिंह महाराजांचं नाव मिळालं. आज ती जिल्हा परिषदेची शाळा आहे.

मला नेहमी वाटतं की त्या एका वास्तूत दोन गोष्टी एकावर एक बसल्या आहेत. गादी गेलेला राजा आणि कोपऱ्यात तरटावर बसलेला मुलगा. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना राजवाडा दाखवतो, तेव्हा माझे वडील दोन्ही सांगायचे, एक सांगून दुसरं सोडायचे नाहीत.

७ नोव्हेंबरला इथे सकाळपासून माणसं येतात. भाषणं होतात, ती सगळीकडे होतात तशीच. मला आवडतं ते वेगळं. खेड्यांतून, वाड्यांवरून आजी-आजोबा नातवाला घेऊन येतात, शाळेच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतात आणि नातवाला सांगतात, तू पण लाव. देवळाच्या पायरीला लावतात तसाच हात. शाळेच्या उंबऱ्याला इतक्या मनापासून हात लावलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

आणि साताऱ्याला आलातच तर भीमाबाईंची समाधीही बघा. बाबासाहेबांच्या आई इथेच गेल्या, ते अगदी लहान असताना. आत्याने त्यांना सांभाळलं. न्हावी केस कापायला तयार नसत, तेव्हा थोरली बहीणच सगळ्या भावंडांचे केस कापायची, हेही त्यांनी लिहिलेलं आहे. शाळेत नाव घातलं त्या दिवशीचे केसही तिनेच कापले असतील, असं मला उगाच वाटत राहतं.

आणखी एक सांगते, सातारा म्हटलं की ते सुटून चालणार नाही. याच गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं. रयत शिक्षण संस्था त्याआधी, १९१९ मध्ये, कराडजवळ काले गावी सुरू झाली होती. त्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, स्वतः दळायची, स्वतः रांधायची. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, कमवा आणि शिका. म्हणजे ज्या गावात १९०० साली एक मुलगा कोपऱ्यात बसत होता त्याच गावात पंचवीस वर्षं व्हायच्या आत सगळ्यांची एक पंगत बसली. ते आपोआप झालं नाही, कर्मवीरांनी ते करून दाखवलं. तुमच्या मुलांना दोन्ही सांगा ताई.

---

धोबीतलाव:

साताऱ्यानंतरचं थोडं जोडतो. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं आणि पुढे बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. ही पण सरकारी शाळा, मुंबईतली नामांकित. तिथला एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, आणि वर्गातली मुलं धावली, कारण त्यांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. आधी डबे हलवले, मग याला फळ्याजवळ जाऊ दिलं. संस्कृत घ्यायचं होतं, ते शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. तेव्हा सत्कार झाला, कृष्णाजी केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

फळ्यामागचे डबे तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा. वर्ग तोच, फळा तोच, डबा सगळ्यांकडे असतो. त्यांना दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही.

---

रानवाट:

सगळं वाचलं, माहिती मोलाची आहे. पण एक मनापासून म्हणतो, कुणी रागावू नये. स्मरणिका हा आनंदाचा प्रसंग. माजी विद्यार्थी लांबून येणार, गुरुजनांचा सत्कार होणार. त्यात कोण कुठे बसत होतं, कुणाला पाणी मिळत नव्हतं, हे काढलं तर गावात कटुता येईल. साताऱ्याचा इतिहास जगजाहीर आहे, तो सांगा. पण आपल्या गावातलं उकरू नये असं वाटतं. मी दोन स्मरणिकांचं काम केलं आहे, गावात पुढे राहायचं आपल्यालाच असतं.

---

दप्तरखाना:

रानवाट, तुमची काळजी खरी आहे आणि बाईंना त्याच गावात नोकरी करायची आहे हेही मला कळतं. तरी माझं मत वेगळं आहे.

साताऱ्याची शाळा ७ नोव्हेंबरला ताठ मानेने उभी राहते. तरटाची गोष्ट सांगून तिची इज्जत कमी झाली का? लोक उंबऱ्याला हात लावतात. कुणीही असं म्हणत नाही की ही वाईट शाळा. उलट ज्या शाळा या बाबतीत गप्प आहेत त्यांच्याकडे सांगायला फक्त कोनशिला उरते. आणि माजी विद्यार्थी मेळाव्याला सगळे येतात म्हणता, तर जे कोपऱ्यात बसले ते पण माजी विद्यार्थीच आहेत ना? त्यांना बोलावणं द्यायचं आणि त्यांची आठवण तेवढी घरी ठेवून या म्हणायचं, हे मला पटत नाही. आनंदाचा प्रसंग त्यांचाही आहे.

मात्र कसं लिहायचं याला पथ्य आहे. कुणी त्रास दिला त्याचं नाव लिहायचं नाही, तो माणूस गेलेला असतो आणि त्याची नातवंडं तुमच्या वर्गात असतात. ज्याने सोसलं त्याला विचारल्याशिवाय त्याचंही नाव लिहायचं नाही. तो बोलायला तयार असेल तर त्याच्याच शब्दांत, त्याला वाचून दाखवून, तो हो म्हणेल तेवढंच छापायचं. आणि ज्यांनी रिवाज मोडला, एखाद्या मास्तरांनी सगळ्यांना एका रांगेत बसवलं, एखाद्या बाईंनी स्वतःच्या हाताने पाणी दिलं, त्यांची नावं मोठ्या अक्षरात टाकायची. अशी माणसं प्रत्येक शाळेत सापडतात. विचारलंच जात नाही म्हणून ती राहून जातात.

रजिस्टरची पानं जशीच्या तशी छापू नका हे वेगळं सांगायला नको. त्यात जात आहे, जन्मतारीख आहे. ते लोकांचं खाजगी आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली, जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. तेव्हा कळलं लोकांना की शाळेच्या कपाटात काय असतं ते. त्याचा चांगला परिणाम असा की कितीतरी शाळांनी त्या निमित्ताने रजिस्टरं स्कॅन करून घेतली. वाईट असा की पानांचे फोटो या हातातून त्या हातात फिरले. तुम्ही तसं होऊ देऊ नका.

---

सीनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट दादा, तुमचं म्हणणंही मी मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, दप्तरखाना काका सांगतात त्या पथ्याने लिहा, छापायच्या आधी आपण दोघं बसून वाचू.

पहिली बातमी: शनिवारी शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. रजिस्टर क्रमांक १ आहे, पुठ्ठा सुटलाय पण पानं शाबूत आहेत. मी काका म्हणाले तसा एकच रकाना वाचत गेले. 'शाळा सोडण्याचं कारण'. पहिली काही पानं 'वडिलांची बदली' आणि 'गैरहजर, नाव कमी केले'. मग बहात्तर-त्र्याहत्तर आलं आणि मला पुढे वाचवेना. आमच्याकडे 'कामावर जातो' असं लिहिलेलं नाही. आमच्या लिपिकांनी गावाचं नाव लिहिलंय, जिथे काम निघालं होतं त्या बंधाऱ्याच्या गावाचं. एका इयत्तेतली ओळीने नावं, पुढे तेच एक गाव. त्या बंधाऱ्यावर आमच्या शाळेची सहल जाते. दर वर्षी जाते! आम्ही मुलांना तिथे पाणी, पक्षी, पाणलोट क्षेत्र सगळं सांगतो. तुमच्या शाळेतल्या मुलांनी ही माती वाहिली हे कुणी सांगितलेलं नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. यंदाच्या सहलीला रजिस्टरमधून काढलेली नावं, फक्त पहिली नावं, मुलं तिथे वाचणार आहेत. काही आजोबा गावात आहेत, त्यांना बरोबर न्यायचा विचार आहे. एसटीने की टेंपोने, यावर चर्चा चालू आहे.

दुसरं, पाण्याचं. आमच्या पंचक्रोशीतल्या एका निवृत्त पोस्टमन काकांना भेटले. ते १९५० च्या दशकात शाळेत होते, तेव्हा गावची लोकल बोर्डाची शाळा सातवीपर्यंत होती आणि चावडीशेजारी भरायची. त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही, चहा दिला, शाळेचे निकाल विचारले. निघताना म्हणाले, "आमचा माठ निराळा होता. पण सातवीला जे गुरुजी आले त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही माठांतलं पाणी एका घागरीत ओतलं आणि स्वतः आधी प्याले. मग म्हणाले, आता ज्याला तहान आहे त्याने यावं." मी विचारलं, लिहू का? म्हणाले, गुरुजींचं नाव लिहा, माझं राहू द्या. गुरुजींचं नाव आमच्या यादीत नाही, कारण ते मुख्याध्यापक कधीच नव्हते. आता त्यांचा शोध घेते आहे.

निरोपाला माठ द्यायची आमची परंपरा त्या काळापासूनची आहे का, हे मात्र मला कुणी सांगू शकलं नाही, म्हणून तसं जोडून लिहिणार नाही.

काका, एक अडचण. लोकल बोर्डाच्या त्या जुन्या शाळेचं रजिस्टर आमच्या कपाटात नाही. ते कुठे मिळेल? आणि पुठ्ठा सुटलेल्या रजिस्टरचं काय करू?

---

दप्तरखाना:

बाई, घागरीची गोष्ट वाचून उठून बसलो. त्या गुरुजींचं नाव शोधाच.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ला आल्या, त्याआधी प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडे. दप्तर सगळं वर गेलं असं समजू नका. बहुतेक वेळा जुनं रजिस्टर गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतच असतं, कारण दाखला मागायला माणूस तिथेच येतो. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन बघायला मागा. तिथे नसेल तर केंद्रशाळा, मग पंचायत समितीचा शिक्षण विभाग, तिथे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी पत्र. शाळा कधी विभागली, कुठल्या शाळेत विलीन झाली हे आधी विचारून घ्या, रजिस्टर त्या बाजूला गेलेलं असतं. गुरुजींसाठी विद्यार्थ्यांचं रजिस्टर उपयोगी नाही. शिक्षक हजेरीपट आणि लॉगबुक मागा. शाळा तपासायला आलेल्या साहेबांचे शेरे लॉगबुकात असतात, त्यात शिक्षकांची नावं सापडतात.

सुटलेल्या पुठ्ठ्याला चिकटपट्टी अजिबात लावू नका. चार वर्षांत ती पिवळी पडते आणि पानाचं अक्षर घेऊन निघते. पान ओलसर असेल तर उन्हात घालू नका, सावलीत वारं लागू द्या. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, थुंकी लावून पान उलटू नका, मुलांनाही सांगा. झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका, वरून फोटो काढा. मग स्वच्छ धुतलेल्या सुती रुमालात बांधून, आडवं ठेवून, कपाटात भिंतीला न टेकता ठेवा. बांधणी करायची झाली तर मुख्याध्यापकांच्या सहीने पानं मोजून द्या आणि मोजून घ्या. नोंदीत कुठे चूक दिसली तरी पेन लावू नका, ती दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही.

प्राथमिक शाळेचं रजिस्टर हाती लागलं आणि जुनी पानं मोडीत निघाली तर नावं आणि जातीचा रकाना झाकून तेवढा शेऱ्याचा भाग इथे टाका. मला मोडी येते, रात्री निवांत वाचून कळवतो.